कॅम्परमधली गादी बदलावी की सुधारावी? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

थंडी पडली की पेंच, ताडोबा, पचमढीच्या वाटेला लागणाऱ्या गाड्या वाढतात आणि गादीच्या तक्रारीही. कॅम्पर व्हॅन, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅरॅव्हॅन, मागे जोडायचा ट्रेलर, या तिन्हींच्या मालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. बऱ्याच तक्रारींचं मूळ गादीत नसून गादीखाली असतं, तेव्हा पैसे मोजायच्या आधी प्रश्न २ तेवढा वाचाच.

१. एवढी महागाची गाडी, मग सोबत आलेली गादी इतकी भिकार का?

गाडी बांधणाऱ्याला वजन वाचवायचं असतं, पैसा वाचवायचा असतो आणि तीच गादी दिवसा बसायलाही वापरायची असते. बसताना भार छोट्या जागेवर येतो, झोपताना तो पसरतो. दोन्हींना चालेल असा तीन-चार इंचांचा स्वस्त फोम घातला जातो आणि तो दोन्हीकडे कमीच पडतो. शिवाय गाडी घेताना आपण इंजिन बघतो, एसी बघतो, गादीवर मात्र दोन मिनिटं टेकून उठतो.

२. दोष गादीचा आहे की खालच्या प्लायचा, हे कसं ओळखायचं?

गादी गाडीतून काढा आणि घरी फरशीवर टाकून ज्याची तक्रार आहे त्याच माणसानं एक रात्र तिच्यावर झोपावं. झोप चांगली लागली तर गादी निर्दोष आहे, खालचा बेड तपासा. फरशीवरही कंबर धरली तर गादीच गेली.

बेड तपासताना तीन गोष्टी बघायच्या. प्लायवर गुडघा टेकून जोर द्या. मधे वाकत असेल तर खाली आडवी पट्टी मारून घ्या, सुताराचं तासाभराचं काम आहे. मग हात फिरवा: बिजागरीची कड, स्क्रूचं वर आलेलं डोकं, दोन प्लायमधली उंचसखल जोड, हे सगळं पातळ गादीतून टोचतंच. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे गाडी सपाट उभी आहे का. खिंडसीच्या काठावर किंवा एखाद्या ढाब्यामागे उतारावर गाडी लावली की माणूस रात्रभर एका कुशीकडे घसरत राहतो, पाठीचे स्नायू सैल होत नाहीत आणि सकाळी शिव्या गादीला बसतात. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप बेडवर ठेवून बघा आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली लाकडी ठोकळे द्या. थोडा उतार ठेवावाच लागला तर डोकं वरच्या बाजूला घ्या.

३. दुकानदार म्हणतो आठ इंची घ्या. घ्यावी का?

पक्का, न हलणारा बेड असेल आणि डोक्यावर भरपूर जागा असेल तर सहा इंचांपर्यंत जा. बाकी बहुतेक कॅम्परला चार-पाच इंच पुरतात, फक्त माल चांगला हवा. जाडी ठरवण्याआधी बेडवर मांडी घालून ताठ बसा आणि डोक्यापासून छतापर्यंतचं अंतर मोजा. नवी गादी जुनीपेक्षा जितके इंच जाड, तितके त्यातून वजा होतील. खिडकीची खालची कड, स्विच, चार्जिंगचा पॉइंट गादीआड जात नाहीत ना, तेही बघा. बंक बेड असेल तर वरच्याच्या कठड्याची उंची गादीच्या वर किती उरते हे मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, कारण जाड गादीनं कठडा आपोआप ठेंगणा होतो.

४. "४० डेन्सिटी" म्हणजे काय? जितकी डेन्सिटी जास्त तितकी गादी कडक ना?

नाही. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ४० डेन्सिटीचा एक घनमीटर फोम ४० किलो भरतो. कडकपणा ही वेगळी मोजणी आहे. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि टणकही. डेन्सिटीवरून फोम किती वर्षं दम धरेल याचा अंदाज येतो. हलका फोम लवकर बसतो आणि कमरेखाली खळगा पडतो.

दुकानात पडताळणी करायला वजनकाटा पुरतो. ७२ बाय ४८ इंच, ४ इंच जाडीचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण ९ किलो भरला पाहिजे. तोच सव्वासात किलो भरला तर हातात आलेला माल ३२चा आहे. खोळ घालायच्या आधी, नुसता फोम काट्यावर ठेवायला सांगा. चांगला दुकानदार हसत ठेवतो. जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

५. मग आत भरावं काय? फोम, काथ्या, लेटेक्स, मेमरी फोम, की आपली कापसाची गादी?

रोजच्या वापराला आणि इथल्या हवेला सर्वांत बरी जमणारी रचना दोन थरांची: खाली दीड-दोन इंच रीबॉन्डेड फोम किंवा रबराइज्ड काथ्या, वर तीन इंच ४० डेन्सिटीचा किंवा एचआर (हाय रेझिलिअन्स, म्हणजे जास्त उसळीचा) फोम. खालचा थर शरीर प्लायला टेकू देत नाही, वरचा खांदा आणि माकडहाडाला जागा देतो. रीबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला जड, टणक माल. संपूर्ण गादी त्याची केली तर दगडावर झोपल्याचं सुख मिळतं आणि वजनही वाढतं. काथ्याचा फायदा वेगळा. त्यातून हवा खेळते, म्हणून ज्यांच्या गादीखाली ओल येते (प्रश्न ९) त्यांनी खालचा थर काथ्याचाच घ्यावा.

मेमरी फोम उष्णतेनं मऊ आणि थंडीनं कडक होतो. एप्रिलमध्ये दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत रात्री त्यावर पडलं की माणूस रुतत जातो आणि कूस बदलायला जोर लावावा लागतो. जानेवारीत पचमढीला पहाटे तीच गादी फळीसारखी लागते. वर एखाद इंच असेल तर चालेल, पूर्ण गादी मेमरीची नको. लेटेक्स उत्तम, लवचिक, उकाडाही कमी, पण फोमपेक्षा बराच जड आणि महाग. शिवाय ऊन थेट लागलं तर तो कडक होऊन भुगा पडतो, म्हणून खोळ जाड हवी.

स्प्रिंगची गादी मी सुचवत नाही. कापता येत नाही, दारातून वाकवून आत नेता येत नाही आणि डबल बेडची जड होते.

आता कापूस. विदर्भात राहून कापसाच्या गादीला नाक मुरडायचं कारण नाही. ती ओल शोषते, दोन तास उन्हात टाकली की पुन्हा कोरडी ठणठणीत, आणि उन्हाळ्यात अंग चिकटत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. ती वजनदार असते आणि महिन्या-दोन महिन्यांत दबून तिचे गठ्ठे होतात. घरी आपण ती पालथी घालतो, गच्चीवर झोडपतो. गाडीत ते होत नाही. कापूसच हवा असेल तर पूर्ण गादी न करता दीड-दोन इंचांची पातळ गादी शिवून घ्या आणि टाके नेहमीपेक्षा जवळ, चार-चार इंचांवर घालायला सांगा. गादीवाला दाभणानं सुतळी ओढतो तेव्हा समोर उभं राहिलेलं बरं, नाहीतर कोपऱ्यांत कापूस कमी पडतो. सावरीचा कापूस घेऊ नका. उशीला छान, पण अंगाच्या भारानं लगेच चपटा होतो.

६. कंबरदुखी आहे. कडक गादीच घ्यावी ना?

पूर्वी तसं सरसकट सांगत. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्पेनमधल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास आला. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर जास्त आराम पडला होता. कुशीवर झोपणाऱ्याला तर फार कडक गादी खांद्याला आणि खुब्याला बाधते. तेव्हा प्रश्न ५ मधली दोन थरांची रचना इथंही लागू. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर मात्र गादीचा विचार नंतर, आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

७. आख्खी गादी बदलायची नाही. वर टॉपर टाकून भागेल?

गादी नुसती टणक असेल तर हो. दोन इंचांचा मऊ फोम किंवा वर सांगितलेली पातळ कापसाची गादी पुरे. पण गादीत खळगा पडला असेल तर टॉपरही त्याच खळग्यात उतरतो. अशा वेळी जुनी गादी पालथी घालून, डोक्याकडची बाजू पायाकडे करून बघा. तरीही खळगा असेल तर टॉपरवर पैसे घालू नका, फोम बदला आणि खोळ तीच ठेवा. खोळीला चेन असली की हे काम गादीवाल्याशिवायही होतं.

८. आमच्या बेडचा एक कोपरा गोल आहे आणि चाकाची कमान आत येते. तयार गादी बसतच नाही.

अशांसाठीच गादीवाला आहे. तयार गादी विसरा.

माप टेपनं घेऊ नका, साचा काढा. खाकी कागद किंवा चिकटपट्टीनं जोडलेली वर्तमानपत्रं बेडवर अंथरा, कडेनं बोटानं घडी दाबत जा आणि त्या रेषेवर कापा. साच्यावर "वरची बाजू" आणि "डोकं" असं ठळक लिहा. हे न लिहिल्यामुळे गोल कोपरा नेमका उलट्या बाजूला कापून आलेल्या गाद्या अनेकांच्या घरी आहेत. चादर खोचायला भिंतीकडच्या बाजूंना अर्धा-अर्धा इंच कमी धरा. मात्र खोळ फोमच्या मापापेक्षा किंचित घट्ट शिवली तरच कोपरे भरून दिसतात.

घरी कापायचं असेल तर मार्करनं दोन्ही अंगांना रेघ मारा आणि लांब पात्याच्या ब्रेड कापायच्या सुरीनं, न दाबता, लांब लांब हात मारत कापा. दाबून कापलं की कड आतल्या बाजूला वाकडी येते. कमानीवर गादीचा तुकडा बसवायचाच असेल तर तो वेगळा ठेवा, मुख्य गादीला चिकटवू नका. स्टेपनी किंवा जॅक काढायची वेळ रात्रीच येते.

खोळीचं कापड गांधीबागेत ठोकभावात स्वस्त पडतं. कापड सुती किंवा सुतीमिश्रित घ्या. रेक्झिन बसायला ठीक, झोपायला नको.

९. सकाळी गादीखाली हात घातला तर ओलं लागतं. छत गळतंय का?

पाऊस नसताना होत असेल तर बहुधा नाही. ते तुमचंच पाणी आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. अंगाची ऊब आणि ती वाफ गादीतून खाली झिरपते आणि थंड प्लायला लागली की तिचे थेंब होतात. बाहेर जितकी थंडी, आत जितकी बंद हवा, तितकं पाणी जास्त. त्यात रात्री आत चहा किंवा मॅगी केली असेल तर भर पडते: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन गाडीतच राहतं.

प्लास्टिक अंथरणं हा यावरचा सगळ्यात वाईट उपाय. पाणी प्लास्टिकच्या वर साचतं आणि गादी खालून कुजते. गादीखालून हवा गेली पाहिजे. प्लाय काढून लाकडी पट्ट्या मारता आल्या तर उत्तम. दोन पट्ट्यांमध्ये तीन इंचांहून जास्त अंतर नको, नाहीतर फोम फटीत उतरतो. प्लाय ठेवायचाच असेल तर होल सॉनं (ड्रिलला लावायच्या गोल करवतीनं) इंचभर व्यासाची भोकं सहा-आठ इंचांवर पाडा. खालच्या आडव्या पट्ट्यांवर आणि बिजागऱ्यांजवळ भोकं नकोत. भोकांच्या कडांना वॉर्निश लावा, कारण कापलेला प्लाय कडेनंच पाणी पितो. वर काथ्याची चटई अंथरली की काम झालं.

आणि खिडक्या. एक उघडून उपयोग नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, किंवा एक खिडकी आणि छतावरचा व्हेंट. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून आत शेगडी पेटवू नका. ओलीचं सोडा, कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो. सकाळी गाडी निघायच्या आधी गादी उचलून टेकवून ठेवा, रात्रीची ओल तासाभरात उडते.

बुरशीचे काळे ठिपके पडले असतील तर खोळ गरम पाण्यात धुवा. फोमच्या आत बुरशी गेली असेल तर तो टाकूनच द्या, वरून पुसून ती जात नाही. पावसातच ओलं होत असेल तर मात्र खिडकीचं रबर आणि छताची सीलंट तपासा, तो गादीचा विषय नाही.

१०. नवतप्यात कॅम्परमध्ये झोपायचं तर? कूलर चालेल?

मेअखेरच्या नागपुरात पारा ४५च्या पुढे असताना खरं तर घरीच झोपावं. तरी विचारणारे थांबत नाहीत. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. घरात दारं-खिडक्या उघड्या असतात म्हणून ते खपतं, गाडीत तीच दमट हवा फोममध्ये शिरते. लावायचाच असेल तर कूलरच्या समोरच्या टोकाची खिडकी पूर्ण उघडी हवी आणि गादीला रोज ऊन हवं. खोळ काढून नुसता फोम मात्र उन्हात ठेवू नका, तो पिवळा पडून ठिसूळ होतो. गादीवर जाड सुती चादर किंवा सतरंजी अंथरा. वॉटरप्रूफ प्रोटेक्टर या दिवसांत काढून ठेवा, त्यावर पाठ भिजून निघते.

११. दोन सीट आणि मधलं टेबल जोडून बेड होतो. फटी टोचतात. काय करावं?

आधी टेबल आणि सीटची पातळी सारखी आहे का बघा. टेबल पाव इंच खाली असलं तरी रात्री जाणवतं, खाली रबरी पट्टी लावून ते वर घ्या. मग सगळ्या तुकड्यांवरून जाईल असा एकसंध दोन इंची टॉपर अंथरा. दिवसा तो गुंडाळून पट्ट्यानं बांधता येतो. झोपताना फट कमरेखाली येणार नाही अशी दिशा निवडता आली तर अर्धा त्रास तिथंच मिटतो.

१२. हवेची गादी?

पाहुणा आला तर ठीक. संध्याकाळी गाडी तापलेली असताना टम्म भरली की पहाटे गारव्यानं हवा आकसते आणि ती ढिली पडते. दुपारी फुगलेली ठेवली तर शिवणीवर ताण येतो. थंडीत तिच्यात फिरणारी गार हवा पाठीतून ऊब ओढते, म्हणून खाली-वर गोधडी लागते.

१३. जड गादीनं गाडीच्या वजनावर फरक पडतो का? आरटीओची परवानगी लागते?

ट्रॅव्हलरसारख्या गाडीला दहा-पंधरा किलोंनी काही होत नाही, एक पाण्याचा मोठा कॅन त्याहून जड असतो. बघायचं ते बेडखालच्या डिकीच्या झाकणाकडं: गॅस स्ट्रटवर (झाकण उचलून धरणाऱ्या, गॅस भरलेल्या दांड्यांवर) उघडणारं झाकण जड गादीनं हळूहळू खाली येऊ लागतं आणि सामान काढताना डोक्यावर आपटतं. स्ट्रट जास्त ताकदीचे लावा.

ट्रेलरला मात्र वजन कुठं आहे याला महत्त्व आहे. बेड चाकांच्या मागे असेल तर वाढीव वजनानं हुकवरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. अमेरिकी ट्रेलरांसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर हवा असा ठोकताळा आहे. मागे गादी जड झाली तर मागचं दुसरं सामान पुढे घ्या.

नुसती गादी बदलायला कसलीच परवानगी नको. पण सीट काढून तिथं बेड बांधला तर तो वाहनातला बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तिथं लागू होतं आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ते काम बॉडी बिल्डरकडून कागदपत्रांसह करून घ्या.

१४. समृद्धीवर रात्री एकजण चालवेल, बाकीचे मागे गादीवर झोपतील. चालेल ना?

नाही. १०० च्या वेगात ब्रेक लागला तर गादीवरचा माणूस त्याच वेगानं पुढे फेकला जातो. गादी कितीही चांगली असो. पट्टा बांधून सीटवर बसा, झोप आली तर गाडी थांबवून सगळेच झोपा.

१५. मुलाकडे अमेरिकेत जातोय, त्याच्या ट्रॅव्हल ट्रेलरची गादी बदलायची आहे. तिकडे "शॉर्ट क्वीन" म्हणतात ती काय भानगड?

तिथली नेहमीची क्वीन ६० बाय ८० इंच. ट्रेलरमध्ये पायाशी जाण्यायेण्याची वाट राहावी म्हणून लांबी कमी करतात, बहुधा ७५ इंच. पण ७४ही आढळते, तेव्हा नावावर न जाता बेड मोजा. बाजूला सरकणारी खोली असेल तर ती आत घेतल्यावर गादी कशाला अडत नाही ना, हेही बघायला सांगा.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. तिथं विकल्या जाणाऱ्या गादीला आगीची चाचणी पार करावी लागते आणि त्यासाठी स्वस्त मेमरी फोमच्या काही गाद्यांत खोळीखाली काचतंतूंचं अस्तर असतं. आपल्या सवयीनं चेन उघडून गादी कापायला गेलात तर ते बारीक तंतू सगळ्या ट्रेलरभर उडतात, कातडीला खाज सुटते आणि साफ करता करता नाकी नऊ येतात. लेबलवर ग्लास फायबर लिहिलं असेल तर ती खोळ उघडूच नका. छोट्या मापाचीच तयार गादी मागवा.

आपल्याकडच्या फोमला असं अस्तर सहसा नसतं, म्हणजे तो कापायला सोपा, पण पेटला तर भडकतो आणि धूर विषारी असतो. शेगडी बेडपासून लांब हवी, आणि अग्निशामक सिलिंडर दाराजवळ, बेडखाली नव्हे.

१६. गाडी पावसाळाभर उभी असते. गादी आतच ठेवू का?

शक्य असेल तर घरात आणा. आत ठेवायचीच तर कडेवर उभी करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका आणि उघडीप मिळाली की दारं उघडून हवा द्या. ढेकूण बहुतेक वेळा बाहेरच्या मुक्कामातल्या बॅगांतून येतात, म्हणून बॅगा गादीवर ठेवायची सवय मोडा. शिवणींच्या कडेला काळे बारीक ठिपके दिसले की समजा, आलेत. उंदराला फोम घरट्यासाठी फार आवडतो. तो वायरींच्या भोकांतून शिरतो, तिथं स्टीलचा काथा ठासून बसवा. गाडीत शेंगदाण्याची एक पुडी राहिली तरी बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

१७. काढलेल्या जुन्या फोमचं काय करू?

बुरशी नसेल तर कापून सीटच्या पाठी, उश्या, कुत्र्याचं अंथरूण करा. सोफावालेही असे तुकडे घेतात, कारण रीबॉन्डेड फोम बनतो तो फोमच्या चुऱ्यापासूनच. बुरशीचा असेल तर पोत्यात बांधून कचरागाडीवाल्याला द्या. होळीत टाकू नका, धुराचं कारण प्रश्न १५ मध्ये आलं आहे.